पात्रतेचा शेरा

गेल्या हिवाळ्यात माझा मामेभाऊ अमेरिकेहून सुटीवर आला, तेव्हा मुंबईला जाण्यापूर्वी चार दिवस दिल्लीत आमच्याकडे उतरला होता. तिकडच्या एका विद्यापीठात तो शिकतो. आणि शिक्षणाइतकाच, कदाचित त्याहून अधिक, त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात त्याचा जीव गुंतलेला असतो. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. एके रात्री जेवणे आटोपल्यावर तो आपल्या संगणकावर त्या संघातल्या एका तरुण खेळाडूची चित्रफीत मला दाखवू लागला. फेक एकच, पण ती त्याने इतक्या संथ गतीने, पुढेमागे करीत, मध्येच थांबवीत दाखविली की त्या मुलाच्या बोटांची पेरेही मोजता यावीत.

“दादा, हे कोपर पाहा,” तो म्हणाला. “खांद्याच्या खाली राहते. हा मुलगा व्यावसायिक संघात टिकायचा नाही.”

मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा असावा. आपल्या कोपराविषयी दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीत असा निवाडा होत आहे, हे त्याच्या गावीही नसणार. मला त्या खेळातले काही कळत नव्हते. परंतु ‘टिकायचा नाही’ हे शब्द मात्र ओळखीचे वाटले. त्याच्या काहीच महिने आधी तसेच शब्द मी स्वतः उच्चारले होते, तेही एका जिवंत माणसाविषयी, आणि तो माणूस माझ्यापासून तीन टेबलांवर बसत होता. ती हकीकत पुढे सांगेन. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे. दुसरा माणूस एखाद्या कामाला ‘तयार’ आहे किंवा नाही, असे आपण म्हणतो तेव्हा आपण नेमके काय म्हणत असतो? आणि तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

या प्रश्नाचा विचार करण्यास तो परका खेळच सोयीचा आहे. कारण माणसाची पारख करण्याचा उद्योग तेथे जितक्या उघडपणे आणि जितक्या पैशाने चालतो तितका क्वचितच दुसरीकडे चालत असेल. ज्याची पारख होते त्या खेळाडूला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. अकरा जणांच्या संघात बहुतेक प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू याच्या हाती येतो. तो घेऊन त्याने तीन किंवा पाच पावले मागे सरकायचे, समोरून अंगावर चालून येणाऱ्या धिप्पाड गड्यांकडे लक्ष न देता दूरवर धावणाऱ्या आपल्या सोबत्यांपैकी कोण मोकळा आहे हे हेरायचे, आणि चेंडू फेकायचा. या साऱ्यासाठी त्याच्याजवळ साधारण अडीच ते तीन सेकंद असतात.

फेक हाताची असते असे आपल्याला वाटते. जाणकार म्हणतात की ती पायांची असते. मागल्या पायावरचा भार पुढल्या पायावर येतो, मग कंबर वळते, कंबरेमागून खांदा, खांद्यामागून कोपर आणि सरतेशेवटी मनगट. जोर असा खालून वर, एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात चढत जातो. हा क्रम बिघडला की उणीव दंडाच्या ताकदीने भरून काढावी लागते आणि नेम ढळतो. आपल्याकडे तालमीतला वस्ताद नव्या पोराच्या दंडाआधी त्याचे पाय पाहतो, त्यातलाच हा प्रकार. कोपर खांद्याच्या पातळीला हवे, चेंडू छातीजवळून थेट कानामागे जावा, तो कंबरेपर्यंत खाली उतरता कामा नये, कारण त्या हेलकाव्यात जो निमिषभर जातो तेवढ्यात प्रतिपक्षाचा गडी पोहोचतो. हे सारे शास्त्र खरे आहे. माझा मामेभाऊ काही खोटे बोलत नव्हता.

दर वर्षी एप्रिलमध्ये ‘नॅशनल फुटबॉल लीग’चे बत्तीस संघ विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात. मागल्या हंगामात जो संघ सर्वांत तळाशी राहिला त्याची पाळी साधारणतः पहिली. निवडीच्या सात फेऱ्या होतात. त्याआधी निवडक खेळाडूंना इंडियानापोलिस शहरी एकत्र आणून मोजतात. हा प्रघात तेथे १९८७ पासून चालू आहे. उंची मोजतात, वजन मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा मोजतात, चाळीस यार्ड धावायला किती वेळ लागतो तेही मोजतात. २००० साली मिशिगन विद्यापीठातून आलेल्या टॉम ब्रेडी नावाच्या तरुणाने ते अंतर ५.२८ सेकंदांत कापले. हा वेग पाहून कोणी हसले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. सहा क्वार्टरबॅक त्याच्या आधी निवडले गेले. त्याचा क्रमांक १९९वा लागला. त्याच ब्रेडीने पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळविले.

या गोष्टीवरून ‘दिसते तसे नसते’ असे तात्पर्य काढून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. बाह्य रूप काहीच सांगत नाही असे मानले तर मग आपण काय पाहावे? १९९व्या क्रमांकावरून अजिंक्यपदाला पोहोचणारा एखादाच; त्याच्या मागेपुढे निवडले गेलेले बहुतेक जण विस्मृतीत गेले, आणि त्यांच्याविषयीचे अंदाज बव्हंशी बरोबरच ठरले. अपवादाची कथा गोड लागते, म्हणून ती परीक्षेच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी करणे न्यायाचे नाही. प्रश्न अधिक बारकाईने पाहिला पाहिजे.

दोन सदोष फेकींचे उदाहरण घेऊ. फिलिप रिव्हर्स हा २००४ साली चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याची फेक पाठ्यपुस्तकाच्या पानावर कोणी छापली नसती. कोपर खाली, हात बाजूला, आणि चेंडू जणू गोळाफेकीप्रमाणे पुढे ढकललेला. टिम टिबो हा दुसरा. २००७ सालचा विद्यापीठीय खेळातला सर्वोच्च सन्मान त्याला मिळाला होता. २०१० मध्ये तो २५व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याचा चेंडू फेकीपूर्वी कंबरेपर्यंत खाली उतरे आणि मोठा वळसा घेऊन वर येई. निवडीपूर्वी त्याने मेहनतीने ही पद्धत बदलली आणि बदललेली फेक पारख्यांना करूनही दाखविली. परंतु सामन्याच्या धुमाळीत जुनी सवय परत येत राहिली. २०१२ च्या जानेवारीत पिट्सबर्गविरुद्धचा बाद फेरीचा सामना त्याने जादा वेळेतल्या पहिल्याच डावात, ऐंशी यार्डांच्या एका फेकीने जिंकून दिला. तरीही त्या वर्षानंतर नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. रिव्हर्सने मात्र आपल्या वेड्यावाकड्या हाताने साठ हजार यार्डांहून अधिक मजल मारली.

फरक कशात होता? रिव्हर्सची फेक कुरूप होती, पण झटपट होती, आणि हजार वेळा फेकली तरी हजार वेळा तशीच होई. टिबोच्या फेकीतला दोष वेळ खात होता, आणि वेळ हीच तर त्या खेळातली सर्वांत महाग वस्तू. म्हणजे ‘कोपर खाली आहे’ एवढे निरीक्षण पुरेसे नाही. त्या दोषाची किंमत कोण, केव्हा आणि किती देतो, हे पाहिल्याशिवाय दोष हा दोष ठरत नाही. पारखी पुष्कळदा येथेच थांबतो. त्याला नियम पाठ असतो. नियमाचे कारण तो विसरलेला असतो.

पण याहून गंभीर चूक निराळी आहे. महाभारतातला रंगभूमीवरचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. अर्जुनाने जे जे करून दाखविले ते ते कर्णाने करून दाखविले. आता हाताविषयी बोलण्यासारखे काही उरले नाही, असे दिसताच कृपाचार्यांनी त्याचे कुल विचारले. अमेरिकेतल्या या खेळाचा इतिहास कृपाचार्यांच्या त्या प्रश्नाने भरलेला आहे. वॉरन मून हा वॉशिंग्टन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक १९७८ च्या रोझ बाउल सामन्यात सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. त्याच्या हातात जोर होता, नेम होता, आणि फेक डोळ्यांना सुखविणारी होती. परंतु तो कृष्णवर्णीय होता. आणि क्वार्टरबॅकला लागणारी बुद्धी व धीर कृष्णवर्णीयांत नसतो, असा समज त्या काळी निवड करणाऱ्यांत रुजलेला होता. जागा बदल, दुसरे काही खेळ, असे त्याला सुचविण्यात आले. त्याने ते नाकारले. त्या वर्षीच्या निवडीत एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला आणि तेथल्या संघाने १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षे ग्रे कप जिंकला. १९८४ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने त्याला परत आणले, आणि २००६ मध्ये त्या खेळाच्या गौरवदालनात त्याचा समावेश झाला. १९७८ च्या त्या निवडीनंतर चाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, लमार जॅक्सनलाही जागा बदलण्याचा सल्ला देणारे जाणकार भेटले. दुसऱ्याच वर्षी तो एकमताने लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मूनच्या कोपरात काही खोट नव्हती. खोट पाहणाऱ्याच्या डोळ्यात होती, आणि ती ‘पारख’ या प्रतिष्ठित नावाने वावरत होती. एवढ्यासाठी मला वाटते की पारख्याने आधी स्वतःला विचारावे: मी जे पाहिले ते सांगतो आहे, की जे मानतो ते पाहतो आहे? पाहिलेली गोष्ट दुसऱ्याला दाखविता येते. ‘हे कोपर पाहा’ असे म्हणता येते. जी दाखविता येत नाही, जिच्यासाठी ‘मला अनुभव आहे’ एवढाच आधार द्यावा लागतो, तिच्याकडे संशयाने पाहिलेले बरे.

आता तिसरी गोष्ट. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. २००५ साली निवडीच्या वेळी दोन क्वार्टरबॅकांची तुलना होत होती, ॲलेक्स स्मिथ आणि ॲरन रॉजर्स. स्मिथ अवघ्या वीस वर्षांचा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर उचलले. रॉजर्स चेंडू कानाजवळ फार उंच आणि ताठर धरतो, अशी टीका होत होती; तो २४व्या क्रमांकापर्यंत घसरला. स्मिथला पहिल्याच वर्षी मैदानात उतरविण्यात आले. त्या हंगामात त्याची एकच फेक गुण मिळवून गेली, आणि अकरा प्रतिपक्षाच्या हाती पडल्या. पहिली पाच वर्षे त्याला डाव शिकविणारा माणूस दर वर्षी नवा होता. दर वर्षी भाषा नवी, खुणा नव्या. रॉजर्स मात्र ग्रीन बे येथे तीन वर्षे एका थोर खेळाडूच्या मागे बसून राहिला. त्या काळात त्याचा हात सैल झाला, सवय सुधारली. २००८ मध्ये त्याला जागा मिळाली, आणि पुढे चार वेळा तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२००५ सालच्या एप्रिलमध्ये ‘तयार कोण?’ या प्रश्नाला खरे उत्तर काय होते? मला वाटते, त्या दिवशी ते उत्तर अस्तित्वातच नव्हते. ते पुढल्या तीन वर्षांत घडविले गेले. एका ठिकाणी धीराने, दुसऱ्या ठिकाणी घाईने. तयारी हा उंचीसारखा किंवा पंजासारखा माणसाच्या अंगी असलेला गुण नाही. माणूस आणि त्याला घेणारी जागा या दोघांच्या मधोमध ती तयार होते. जॉश ॲलन २०१८ मध्ये बफेलो येथे आला तेव्हा त्याची फेक अचूक नाही असे सर्व जण म्हणत होते, आणि ते खरेच होते. पहिल्या वर्षी त्याच्या शंभरांतल्या त्रेपन्न फेकीही धड पोहोचल्या नाहीत. त्याने पाय आणि कंबर यांचा क्रम नव्याने शिकून घेतला. त्याचा शिकविणारा पहिली चार वर्षे बदलला नाही. तिसऱ्या वर्षी शंभरांतल्या एकोणसत्तर पोहोचल्या. २०१८ सालचे निदान चुकीचे नव्हते. त्यावरून काढलेले भविष्य चुकीचे होते.

स्मिथची कथा येथे संपत नाही. २०१७ साली तो कॅन्सस सिटीच्या संघात असताना पॅट्रिक महोम्स नावाचा नवा मुलगा दहाव्या क्रमांकावर निवडून आला. आपली जागा घेण्यासाठीच हा आला आहे हे स्मिथला ठाऊक होते. तरीही त्याने वर्षभर आपली तयारीची पद्धत त्या मुलापासून लपविली नाही, आणि महोम्सने पुढे ते ऋण उघडपणे मान्य केले. स्वतःला जे वर्ष मिळाले नव्हते ते त्याने दुसऱ्याला दिले. महोम्स पुढच्याच हंगामात लीगमधला सर्वोत्तम ठरला. त्याच हंगामात, दुसऱ्या संघातून खेळताना स्मिथचा पाय मोडला. सतरा शस्त्रक्रिया झाल्या. पाय राहतो की जातो अशी वेळ आली. २०२० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. माणसाचे हे अंग कोणत्या फुटपट्टीने मोजायचे?

या खेळात १९९४ पासून प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात ऐकू येण्याची सोय झाली आहे. परंतु डाव सुरू करण्यासाठी दिलेल्या वेळातले पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. तेथून पुढे तो मुलगा एकटा. ज्याने त्याला ‘तयार’ म्हटले, ज्याने ‘टिकायचा नाही’ म्हटले, ते सारे त्या क्षणी गप्प असतात. फेक त्याची असते. म्हणून जो बोलतो त्याने आवाज बंद होण्यापूर्वीचा आपला वाटा उचलला पाहिजे, असे मला वाटते.

आता माझी हकीकत. आमच्या शाखेत एक तरुण कनिष्ठ लिपिक दोन वर्षांच्या परिवीक्षाकाळासाठी रुजू झाला होता. मिनिटाला पस्तीस शब्दांची टंकलेखन परीक्षा तो रीतसर उत्तीर्ण होऊन आलेला. पण तो चार बोटांनी टंकन करी आणि नजर अक्षरफलकावरून हलवीत नसे. एके दुपारी संसदेतल्या प्रश्नाचे उत्तर तासाभरात पाठवायचे होते. या मुलाने घाईत एका आकड्यातली दोन स्थाने उलटी केली. चूक वेळेवर सापडली, पण शाखेची धावपळ झाली. पुढे त्याच्या परिवीक्षेचा अहवाल लिहिताना शाखाधिकाऱ्यांनी सहज माझे मत विचारले. मी म्हणालो, घाईच्या कामात याचा हात टिकायचा नाही. त्याचा परिवीक्षाकाळ सहा महिन्यांनी वाढविण्यात आला. त्याने घरी आईला कायम होण्याची तारीख आधीच कळविलेली होती, हे मला नंतर समजले.

मी जे सांगितले त्यातले कोपर खरे होते. चार बोटे मी पाहिली होती. परंतु त्याच मुलाने जुन्या नस्त्यांतून तीन वर्षांपूर्वीचा एक निर्णय शोधून काढला होता, त्यावाचून त्या दिवशीचे उत्तर लिहिताच आले नसते. तेही मी पाहिले होते. कोणी विचारले नाही म्हणून मी ते सांगितले नाही. आणि त्याला दहा बोटांनी टंकन करावयास शिकविण्याचे काम दीड वर्षात शाखेतल्या कोणाच्याही, अर्थात माझ्याही, मनात आले नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या लेखणीतून असे शेरे उतरत असतात, आणि पुष्कळांच्या आयुष्याला ते वळण देऊन गेलेले असतात. वार्षिक मूल्यांकनाचा संपूर्ण अहवाल २००९ पासून संबंधित कर्मचाऱ्याला दाखविला जातो, त्यावर त्याला आपले म्हणणे मांडता येते. पूर्वी केवळ प्रतिकूल तेवढे कळविले जाई. ही सुधारणा मोलाची आहे. पण तोंडी विचारलेल्या मताची नोंद कोठेच होत नाही. तेथे माणसाला वाचविणारा नियम नसतो. बोलणाऱ्याची सदसद्‌बुद्धी तेवढी असते.

यावर कोणी म्हणेल, मग काय निवाडाच करू नये? तसे मला म्हणावयाचे नाही. जागा थोड्या असतात आणि माणसे पुष्कळ. निवड कोणाला तरी करावीच लागते. शिवाय खोट्या स्तुतीनेही माणूस मरतो. वीस वर्षांच्या स्मिथला ‘तयार’ या शब्दानेच अधिक जखमा केल्या. आपल्या बढतीच्या नियमांत एक शेरा आहे, ‘अद्याप पात्र नाही’. मला तो फार प्रामाणिक वाटतो, तो त्यातल्या ‘अद्याप’ या शब्दामुळे. पण तो शब्द लिहिणाऱ्याने एक कर्ज काढलेले असते. आजच्या उणिवेपासून उद्याच्या पात्रतेपर्यंतचे अंतर त्या माणसाने एकट्याने कापायचे, असे ठरवून जो ‘अद्याप’ लिहितो, त्याने प्रत्यक्षात ‘कधीही नाही’ असेच लिहिलेले असते.

मी शाखाधिकाऱ्यांकडे जाऊन, माझे मत बोटांपुरते होते, माणसाविषयी नव्हते, आणि नस्तीची गोष्ट सांगायची राहिली, असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. निघालेला आदेश काही मागे येत नसतो. हल्ली जेवणाच्या सुटीतली वीस मिनिटे मी आणि तो मुलगा एका जुन्या संगणकापाशी बसतो. अक्षरफलकावर मी वर्तमानपत्र पसरून ठेवतो, म्हणजे त्याला अक्षरे दिसू नयेत. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “सर, ऐसे तो मेरी स्पीड और कम हो जाएगी.” ती झालीही. अजून पूर्ववत आलेली नाही.

मामेभावाचा परवा दूरध्वनी आला होता. त्या खेळाडूचे काय झाले, असे मी विचारले. तो म्हणाला, “अजून एक वर्ष विद्यापीठातच राहणार आहे. कोपरावर काम चालू आहे म्हणतात.” कोण काम करून घेतो आहे, असे मी विचारले. ते त्याला ठाऊक नव्हते.